रॉयल एनफील्ड हिमालयनच्या हँडलवर जीपीएस: वीज घ्यायची कुठून?

गार्मिनच्या ईट्रेक्स ३०एक्स या हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्रात दोन पेन्सिल सेल बसतात. कंपनीच्या हिशेबाने त्यावर ते २५ तास चालतं, आणि पाठीला सॅक लावून राजगड-तोरणा करताना तो हिशेब बराचसा जुळतोही. मोटरसायकलवर मात्र तो कोलमडतो. सेल लवकर संपतात हा भाग आहेच, पण खरी भानगड म्हणजे सेल उडतात. चाक खड्ड्यात आदळलं की सेल स्प्रिंगवरून निमिषभर सुटतो, तेवढ्यात वीज तुटते आणि यंत्र गपकन बंद पडतं. आपल्याला पत्ताच नसतो. दोन फाटे मागे पडल्यावर कधीतरी खाली नजर जाते, तर पडदा कोरा. मग गाडी कडेला घ्या, हातमोजा काढा, बाजूचं इवलंसं बटण दाबून धरा आणि उपग्रह सापडेपर्यंत आकाशाकडे बघत बसा. सेलच्या बुडाशी पुठ्ठ्याची घडी घालून झाली, सेलला टेप गुंडाळून झाली. पुणे-सातारा हायवेला हे उपाय पुरतात. वरंधा घाटात नाही पुरत.

यावर खरा इलाज एकच. यंत्राला गाडीची वीज द्यायची आणि सेल आत राहू द्यायचे ते केवळ आधाराला. बाहेरून वीज मिळत असली की सेल उडाला काय आणि बसला काय, यंत्राला फरक पडत नाही. दिवेलागणीनंतर बॅकलाइट पूर्ण ठेवता येतो, हा वरचा फायदा. (ईट्रेक्स बाहेरची वीज वापरतं, पण आतले सेल चार्ज करत नाही. चार्जेबल सेल टाकून ते गाडीवर भरून निघतील अशी आशा कोणी धरू नये.)

फोन असताना हे दुसरं लोढणं कशाला, हा प्रश्न घरातून आला आणि पार्किंगमधूनही आला. फोनचा जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो, नकाशा आधी उतरवून ठेवला तर रस्ताही दिसतो, हे सगळं मान्य. पण एप्रिलच्या उन्हात हँडलवरचा फोन तापून स्वतःचा उजेड कमी करतो, पावसात थेंबांनाच बोट समजून नकाशा भलतीकडे सरकवतो. शिवाय मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिर राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलने २०२१मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. हिमालयन ४११चं एकच मोठं सिलिंडर कसं धडधडतं ते चालवणाऱ्याला सांगायला नको. ईट्रेक्सचा पडदा जेमतेम सव्वादोन इंचांचा, रंग फिके, हात लावून काही हलत नाही. पण भर उन्हात तो उलट जास्त स्वच्छ दिसतो, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा गार्मिनच्या साच्यातला नकाशा मेमरी कार्डावर टाकला की सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटासुद्धा बऱ्याच सापडतात.

यंत्र पुतण्याने अमेरिकेहून येताना आणलेलं, त्याचं वापरलेलंच. तो आधी हौसेने इनरीच, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप धाडणारं गार्मिनचं यंत्र, आणणार होता. म्हटलं बाबा रे, ते नको. उपग्रहाकडून नुसतं ऐकणारं यंत्र आपल्याकडे चालतं, उपग्रहाला निरोप पाठवणारं परवानगीशिवाय चालत नाही. ते बॅगेत सापडल्याने परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ईट्रेक्स फक्त ऐकतं.

आता वीज. जो कोणी हे काम करायला निघतो तो पहिल्यांदा यंत्राचा विचार करतो, मग चार्जरचा, आणि वीज कुठून घ्यायची याचा अगदी शेवटी. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. चार्जर शेदोनशे रुपयांत बदलता येतो. टाकीखालून नेलेली वायर आणि मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या गुच्छाला) मारलेला जोड एकदा झाला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि त्रास देतो तेव्हा रात्रीच देतो.

नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी विचारलं. माणूस कामाला पक्का, बोलायला त्याहून पक्का.

"दादा, बॅटरीला डायरेक्ट मारून देतो. पाच मिनिटांत चालू."

"मग चार्जर कायम चालू राहील ना?"

"राहू द्या की. पिनेला काही लावलंच नाही तर घेतोय काय तो?"

हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून घरी येऊन मोजलं. चार्जर म्हणजे बाजारात मिळणारा बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा साधा कन्व्हर्टर, त्याला फोन नाही, काही नाही, आणि मल्टीमीटर मध्ये ओळीने जोडलेला. आकडा आला १५ मिलिअँपिअरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण हिमालयनची बॅटरी ८ अँपिअर-अवरची. ८ भागिले ०.०१५ म्हणजे साधारण ५३३ तास, म्हणजे बावीस दिवसांत बॅटरी पार रिकामी. आणि स्टार्टर फिरवण्याइतका दम त्याच्या किती आधी संपतो! पावसाळ्यात गाडी दोन आठवडे झाकून ठेवली की काम झालं. या गाडीला किक नाही. उतार शोधा, नाहीतर दुसऱ्याची बॅटरी मागा.

डायरेक्ट नको म्हटल्यावर इलेक्ट्रिशियनदादाचा पुढचा तोडगा तयार होता: पुढच्या पायलट लॅम्पची (हेडलाइटजवळच्या बारक्या दिव्याची) वायर सोलायची आणि त्यातून घ्यायचं. चावी फिरवली की चालू, काढली की बंद. कल्पना वाईट नाही, निम्म्या महाराष्ट्रातले मोबाइल चार्जर असेच चालतात. पण पायलटचा बल्ब पाच वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी, आणि त्याची वायर तेवढ्याच बेताने दिलेली असते. ईट्रेक्सला वॅटभर पुरेल. त्याच चार्जरच्या दुसऱ्या भोकाला फोन लावला की दहा वॅट वर. शिवाय त्या वायरीच्या टोकाला काही बिघडलं तर फ्यूज उडणार तो गाडीच्या दिव्यांचा. घाटात रात्री जीपीएसपायी दिवे गेले, तर रस्ता दाखवायला ते यंत्र काय कामाचं?

म्हणून रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. यात खुबी एवढीच की गाडीच्या मूळ वायरीतून फक्त इशारा घ्यायचा आणि खरी वीज थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून आणायची. रिलेच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात: ३०वर बॅटरीची वायर, ८७वरून पुढे यंत्राकडे, ८६ला इशारा, ८५ अर्थिंगला. ३० आणि ८७ आतून एरवी तुटलेले. इशारा आला की कॉइल लोखंडी पट्टी खेचते, बारीक 'टक्' आवाज येतो आणि दोन्ही जुळतात.

इथे एक गंमत प्रामाणिकपणे सांगायला हवी. या रिलेची कॉइल स्वतःच दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे जवळपास दोन वॅट. ईट्रेक्स याच्या निम्मीच घेतं. नुसत्या ईट्रेक्ससाठी रिले म्हणजे मालकापेक्षा नोकराचा पगार जास्त. फोनही चार्ज करायचा होता म्हणून मी रिले घेतला. ज्याला फक्त छोटं यंत्र लावायचं आहे त्याने पायलटच्या वायरीवर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकून काम भागवलं, तर मी नावं ठेवणार नाही. ५५ वॅटच्या हेडलाइटपुढे हा दोन वॅटचा खर्च अल्टरनेटरच्या खिजगणतीतही नाही, एवढंच.

इशारा कुठून घ्यायचा? पुढे पायलटवरून घेतला तर रिले बॅटरीपाशी ठेवायला वायर पुन्हा मागे आणावी लागते. मागच्या दिव्याची वायर सीटखालीच आहे, बॅटरीही तिथेच जवळ. एप्रिल २०१७पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींना दिवा कायम चालू ठेवायचा नियम आहे. त्यामुळे मागचा दिवा वेगळ्या बटणावर नाही, गाडीबरोबरच तो लागतो आणि गाडीबरोबरच विझतो. इशाऱ्याला याहून सोयीची जागा नाही.

खरेदी तपकीर गल्लीत. एक चौरस मिलिमीटरची लवचीक ऑटो वायर, लाल आणि काळी. इनलाइन फ्यूज होल्डर आणि ३ अँपिअरचे ब्लेड फ्यूज, एक लावायला आणि दोन सीटखाली. बॅटरीच्या बोल्टला बसणारे रिंगचे थिंबल. तापवल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक स्लीव्ह दोन जाडीच्या. वायरीवर चढवायची जाळीची काळी नळी. आणि १एन४००७ डायोड. डायोड मागितल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं, "किती, शंभर?" मला एक हवा होता. त्याने पाच दिले आणि पाचांचेही पैसे सुट्ट्यात मोडले. रिले सॉकेटसकट नाना पेठेतून.

डायोडचं काम रिलेच्या कॉइलवर. कॉइलची वीज तुटते तेव्हा ती क्षणभर उलटा, मोठ्या व्होल्टेजचा झटका परत फेकते. जुन्या गाड्यांच्या बल्बांना त्याचं सोयरसुतक नसायचं. हिमालयनचा मागचा दिवा एलईडीचा, आणि इशारा मी त्याच्याच वायरीतून घेणार होतो. डायोड ८५ आणि ८६च्या मध्ये, पांढऱ्या पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. उलटा लावला तर चावी फिरवताच सरळ शॉर्ट, तेव्हा पट्टी दोनदा बघायची.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी. गाडी खोलून बसलं की सल्लागार गोळा होणारच. वॉचमनकाका तेवढे उपयोगी, कारण टॉर्च धरताना ते गप्प राहतात.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह सुटं करायचं, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. गाडीची सगळी चॅसी निगेटिव्हला जोडलेली. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हच्या बोल्टवर पाना फिरवला आणि त्याचं दुसरं टोक फ्रेमला लागलं, तर त्या पान्यातून शंभरेक अँपिअर धावतात. निगेटिव्ह आधीच सुटं असेल तर पाना कुठेही लागो. बॅटरी काढली की मीटरमधलं घड्याळ पुन्हा लावावं लागतं, तेवढाच भुर्दंड.

पण मागच्या दिव्याची वायर ओळखायला वीज हवीच, म्हणून ते काम बॅटरी सोडवायच्या आधी. कनेक्टरच्या मागून मल्टीमीटरची बारीक पिन सरकवायची, काळी पिन फ्रेमच्या उघड्या बोल्टला. एका वायरीवर चावी फिरवताच बारा व्होल्ट येतात आणि तसेच राहतात: ही आपली. दुसरी ब्रेक दाबल्यावरच जागी होते. ही दुसरी चुकून धरली तर जीपीएस फक्त ब्रेक लावताना चालू होईल, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते बराच वेळ लक्षातही येणार नाही.

जोड कसा मारायचा यावर दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडचे लोक हट्टी. एक कथिल वितळवून जोडणारे सोल्डरवाले, दुसरे धातूच्या टोपणात वायर दाबून बसवणारे क्रिंपवाले. सोल्डर केलेली वायर जोडापाशी ताठ होते, कथिल जिथे संपतं तिथून पुढे ती मऊ, आणि सततच्या थरथरीत ती नेमकी त्या सीमेवर तुटते. म्हणून हलणाऱ्या जागी मी क्रिंप करतो, आणि सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना पुढपर्यंत स्लीव्ह चढवून ती वायर मूळ गुच्छाला बांधून टाकतो. तिसरा पंथ वायर सोलून पीळ मारून काळी टेप गुंडाळणाऱ्यांचा. दोन उन्हाळ्यांत त्या टेपचा गोंद ओघळतो, टेप सुटते आणि आत उघडं तांबं हिरवं पडलेलं सापडतं. या पंथाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत बसवला. बरेच जण तो हँडलपाशी, हाताशी येईल असा ठेवतात. पण फ्यूज असतो तो वायरीला वाचवण्यासाठी. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणीच वाली नसतो. तो तुकडा टाकीखालून जाणारा, फ्रेमला घासणारा असेल, तर घासून उघडा पडल्यावर तिथे पेटेल, आणि हँडलवरचा फ्यूज शाबूत राहील.

मग वायरीचा प्रवास. सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडवून टाकी मागून चार बोटं उचलली आणि खाली लाकडाचा ठोकळा दिला. पेट्रोलच्या नळीला ताण येणार नाही इतकीच उचलायची. एका ताठ तारेला वायर बांधून ती मूळ हार्नेसच्या कडेने पुढे ढकलली. इंजिनाच्या हेडपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, मूळ गुच्छाला दर वीतभरावर झिप टाय. कंपनीने ज्या वाटेने वायरी नेल्यात ती वाट त्यांनी विचार करून निवडलेली असते. आपली वायर त्याच वाटेने जावी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्टिअरिंगपाशी. हँडल वळतं, फ्रेम वळत नाही, आणि आपली वायर एकीकडून दुसरीकडे जाते. तिथे ती आखडली तर ओढली जाते, सैल सोडली तर फोर्क आणि फ्रेमच्या मध्ये चिमटते. मी हँडल पूर्ण डावीकडे लॉक करून वायर कुठे ताणते ते पाहिलं, पूर्ण उजवीकडे करून कुठे दुमडते ते पाहिलं, मग क्लच केबलच्या सोबतीने एक सैल वळसा देऊन दोन टोकांना बांधली. मधला भाग मोकळा. जाळीची नळी सगळ्यात उपयोगी पडते ती इथेच. बांधून झाल्यावर इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये, पुन्हा हँडल या टोकापासून त्या टोकाला फिरवायचं आणि कान द्यायचा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर आपण कुठेतरी थ्रॉटलची केबल आवळली आहे. ही तपासणी टाळली तर एखाद्या हेअरपिनवर गाडी आपणहून रेस होईल.

कन्व्हर्टर बॅटरीपाशी ठेवून पाच व्होल्टची यूएसबी केबल हँडलपर्यंत न्यावी, म्हणजे पुढे पसारा नको, असं मलाही आधी वाटलं होतं. गणित त्याच्या विरुद्ध गेलं. साध्या यूएसबी केबलीतल्या वायरी केसासारख्या. दीड मीटर जायला आणि दीड मीटर यायला, एक अँपिअर वाहिला की अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच गळतात. पाचातले साडेचार उरले की फोन चार्ज होत असल्याचं चिन्ह दाखवतो आणि टक्के उतरतच राहतात. तेच बारा व्होल्ट एक चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नेले तर गळती पाच शतांश व्होल्टच्या आसपास. म्हणून बारा व्होल्ट पुढपर्यंत न्यायचे आणि पाच करायचे ते हँडलपाशी. कन्व्हर्टर निवडताना तो खाली ८ व्होल्टपर्यंत चालतो ना एवढं बघितलं, कारण स्टार्टर मारताना बॅटरी दहाच्या आसपास खाली येते आणि तेवढ्यात यंत्राला वीज तुटल्यासारखं वाटायला नको.

पहिली चाचणी मीटरवर. चावी बंद: बॅटरीला १२.६, हँडलच्या टोकाला शून्य. चावी चालू: सीटखालून 'टक्', टोकाला बारा. इंजिन चालू: १४.१. मग चावी बंद ठेवून मीटर निगेटिव्हच्या ओळीत घातला, माझ्या नव्या फाट्याचा फ्यूज काढून आणि लावून. आकड्यात काही फरक नाही. म्हणजे बंद गाडीत माझी वायर काहीच पीत नाही. (मीटर असा ओळीत मिलिअँपिअरवर असताना चावी फिरवायची नाही. मीटरच्या आतला फ्यूज जातो आणि तो मिळायला गाडीच्या फ्यूजपेक्षा अवघड.)

यानंतर खरा घोळ. ईट्रेक्सला मिनी यूएसबी लावली, चावी फिरवली, आणि पडद्यावर नकाशाऐवजी कॉम्प्युटरचं चित्र! यंत्राला वाटलं आपल्याला लॅपटॉपला जोडलंय, आणि ते पेनड्राइव्ह होऊन बसलं. गार्मिनची जुनी यंत्रं वापरलेल्यांना ही सवय ओळखीची आहे. गार्मिनच्या न्यूव्ही या गाडीत लावायच्या यंत्राच्या केबलीत मिनी यूएसबीच्या पाच पिनांपैकी चौथी, जी साध्या केबलीत मोकळी असते, ती मुद्दाम जोडलेली असते. तेवढ्यावरून यंत्र ओळखतं की ही नुसती वीज आहे. ईट्रेक्सवर मला सेटिंगमधून वाट सापडली. सिस्टिममध्ये इंटरफेस 'स्पॅनर' केला की केबल लावल्यावर यंत्र विचारतं, पेनड्राइव्ह होऊ का? नाही म्हटलं की नकाशा राहतो. चावी फिरवल्यावर एक बटण जास्तीचं दाबावं लागतं, ते मी सोसलं.

आणखी एक गोष्ट, जी मीटरला दिसत नाही. कन्व्हर्टर पहिल्यांदा यंत्राच्या अगदी बुडाशी, माउंटच्या खाली बांधला होता, नीटनेटका. चावी बंद असताना उपग्रहांच्या पानावर सिग्नलच्या दांड्या उंच. चावी चालू केली की निम्म्या गळून पडायच्या. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, त्यांची लाट आपल्यापर्यंत येते ती अतिशय क्षीण होऊन. आणि स्वस्तातला कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन पाच व्होल्ट तयार करतो, त्याचा रेडिओ गोंगाट शेजारीच. त्याला तिथून काढून खाली हेडलाइटच्या मागे, फूटभर लांब नेला आणि केबलीवर असा गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवला. दांड्या चावी बंद असल्यासारख्याच राहू लागल्या. ज्यांचा जीपीएस गाडीवर लावल्यापासून रस्त्याच्या शेजारच्या शेतातून चालतो, त्यांनी यंत्राला दोष देण्याआधी चार्जर काढून बघावा.

पावसाचा प्रश्न पुरता सुटलेला नाही, सुटेलसं वाटतही नाही. ईट्रेक्स पाण्यात बुडालं तरी चालतं, पण पाठीमागचं रबराचं झाकण बंद असेल तेव्हाच. यूएसबी लावायची तर तेच झाकण उघडं. मी काटकोनातली पिन वापरतो, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पिनेला किंचित सिलिकॉन ग्रीस. सरींना हे पुरतं. ताम्हिणीतल्या जुलैला नाही; तिथे सरळ केबल काढतो, झाकण बंद करतो आणि सेलवर चालवतो. सेल उडतात, पण पाणी आत गेलेलं यंत्र परत येत नाही.

सगळ्याची कसोटी लागली ती डिसेंबरात कोकणात. ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि मग किनाऱ्याने दक्षिणेला. या रस्त्याला खाड्या आडव्या येतात: बागमांडल्याहून वेसवीला फेरी, दाभोळहून धोपाव्याला फेरी, तवसाळहून जयगडला फेरी. फेरीवर गाडी चढवली की इंजिन बंद, चावी बंद, रिले 'टक्', बाहेरची वीज गेली. यंत्र विचारतं, बंद होऊ की चालू राहू? चालू राहा म्हटलं की ते सेलवर येतं आणि खाडी ओलांडतानाची रेषाही पाण्यावरून सलग उमटते. पलीकडे चावी फिरवली की परत गाडीवर. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यांवरही पडदा कोरा पडला नाही. दापोलीच्या अलीकडे एके ठिकाणी यंत्राने मला एका वाडीच्या अंगणात नेऊन उभं केलं, पण तो दोष नकाशाचा. आजोबा ओटीवरून म्हणाले, "अहो, हल्ली आठवड्यात एक तरी येतोच," आणि रस्ता दाखवला.

खारी हवा मात्र आपला हप्ता घेते. परत आल्यावर मिनी यूएसबीच्या पिना हिरवट दिसल्या; केबल बदलली. बाकी जोड, रिले, फ्यूज होल्डर उघडून पाहिले, स्वच्छ आहेत. सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा मेकॅनिकने सीट उचलून विचारलंच, ही जास्तीची वायर कसली. फ्यूज होल्डरवर 'जीपीएस, ३ अँपिअर' अशी चिठ्ठी चिकटवली होती आणि सीटच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत जोडणीचं चित्र. त्याने ते वाचलं, ठीक आहे म्हणाला, आणि हात लावला नाही. माझी अपेक्षा तेवढीच होती.

आता फॉग लॅम्प लावायचं मनात आहे. इलेक्ट्रिशियनदादा म्हणतो, "रिले आहेच की दादा, त्यातूनच घ्या." तीन अँपिअरच्या फ्यूजवर आणि या बारीक वायरीवर ते दिवे जाणार नाहीत; त्यांना रिले वेगळा, फ्यूज वेगळा आणि वायर दुप्पट जाडीची.